टीसीशेलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कसे ठरवावे?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे आणि तेथे बॅश या शेलमध्ये (शेल म्हणजे आपण दिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) एक्स्पोर्ट कमांडने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे चालवलेल्या प्रोग्रॅमांना मिळणारे नाव-मूल्य, ठरवण्यात कधी अडचण आली नाही. प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर मात्र तीच ओळ दिली की ‘एक्स्पोर्ट: कमांड नॉट फाउंड’ असा संदेश येतो, तेथील लॉगिन शेल टीसीशेल आहे. म्हणून त्या ओळी मी बॅशच्या स्क्रिप्टमध्ये घालून ती चालवली. आता त्रुटी येत नाही, परंतु स्क्रिप्ट संपल्यावर प्रिंटएन्व्ह ही कमांड दाखवते त्या व्हेरिएबलच्या यादीत त्या व्हेरिएबलचा मागमूसही नसतो. दोन्हीकडे चालेल अशी एखादी पद्धत आहे का?

उत्तर १:
एक्स्पोर्ट ही बॉर्न शेलच्या घराण्यातील, म्हणजे बॅश, कॉर्न शेल, झेडशेल यांची अंगभूत कमांड आहे. टीसीशेल हा बिल जॉय यांनी बर्कलीत लिहिलेल्या सी शेलचा वारस असल्यामुळे त्याला ती ठाऊकच नाही. तेथे सेटएन्व्ह लिहून मोकळी जागा, मग व्हेरिएबलचे नाव, पुन्हा मोकळी जागा आणि मग मूल्य असे द्यावे लागते; मध्ये बरोबरचे चिन्ह येत नाही. नुसते सेट वापरल्यास ते व्हेरिएबल त्या शेलपुरतेच राहते आणि आपण चालवलेल्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचत नाही.

आणखी एक खोच आहे. पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड जेथे शोधतो त्या डिरेक्टरींच्या यादीत, नवी डिरेक्टरी जोडताना डॉलर, पाथ, कोलन आणि तिरपी रेघ असे सलग लिहिले, तर टीसीशेल त्या कोलनला मॉडिफायर, म्हणजे मूल्यात बदल करण्याची खूण, समजून ‘बॅड मॉडिफायर’ अशी तक्रार करतो. त्यामुळे डॉलरनंतरचे नाव महिरपी कंसात घालण्याची सवय ठेवावी. ती बॅशमध्येही चालते.

उत्तर २:
स्क्रिप्टचे कोडे वेगळे आहे. स्क्रिप्ट चालवली की तिच्यासाठी नवी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, जन्माला येते, तिला मूळ शेलच्या एन्व्हायर्नमेंटची प्रत मिळते आणि तिने केलेले सर्व बदल तिच्याबरोबरच संपतात. पालक प्रोसेसला हात लावण्याची मुभा तिला नसते. फाइल सोर्स कमांडने वाचली, तर तिच्यातील ओळी चालू शेलमध्येच अमलात येतात, मात्र त्या ओळी त्या शेलच्या व्याकरणात असायला हव्यात.

दोन्हीकडे चालणारे उत्तर हवे असेल, तर एन्व्ह वापरावा. तो शेलचा भाग नसून स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. एन्व्ह, मग नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य सलग, आणि शेवटी चालवायचा प्रोग्रॅम, अशी ओळ बॅश, टीसीशेल, फिश सर्वत्र सारखीच लिहिता येते. परिणाम अर्थातच त्या एका प्रोग्रॅमपुरता राहतो. कायमची सोय डॉट सीएसएचआरसी या, शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या, फाइलमध्ये करावी. परंतु होम डिरेक्टरीत डॉट टीसीएसएचआरसी असेल, तर टीसीशेल तीच वाचतो आणि पहिलीकडे ढुंकूनही पाहत नाही, हे आधी तपासावे.

प्रश्नकर्ता:
सेटएन्व्हने काम झाले, आभारी आहे. एलडी लायब्ररी पाथमध्ये (लायब्ररी कोठे शोधायच्या ते सांगणारे व्हेरिएबल) भर घालताना मात्र ‘अनडिफाइंड व्हेरिएबल’ येते. बॅशमध्ये असे कधी झाले नव्हते.

उत्तर १:
बॅश न ठरवलेल्या व्हेरिएबलला एरवी रिकामे मानून पुढे जातो, टीसीशेल तेथेच थांबतो. डॉलर आणि नाव यांच्यामध्ये प्रश्नचिन्ह घातले, तर व्हेरिएबल असल्यास एक आणि नसल्यास शून्य मिळते. इफमध्ये ती तपासणी करून, व्हेरिएबल असेल तर भर घालावी, नसेल तर थेट नवे मूल्य द्यावे. बॅशमध्येही ही काळजी घेतलेली बरी, कारण रिकाम्या मूल्यापुढे कोलन राहिला, तर लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी शोधून जोडणारा भाग, त्या रिकाम्या जागेचा अर्थ चालू डिरेक्टरी असा लावतो आणि भलतीच लायब्ररी उचलली जाऊ शकते.