कोड आनुवंशिक, पण अटळ नाही

'घरात एकाला कोड (त्वचेवर पांढरे डाग पडण्याचा आजार) असलं की मुलांना होणारच' हे नेहमी ऐकू येणारं मत पटत नाही, आणि त्यापायी लग्नं मोडतात म्हणून लिहितोय. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्केच आढळलं. म्हणजे जनुकांपलीकडेही बरंच काही आहे.

कोडाबद्दल बोलताना थायरॉइड (गळ्यातली ग्रंथी) राहून जातं. कोड आणि थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते ते) यांच्यामागची काही जनुकं सामाईक आहेत. मावशीच्या बोटांच्या पेरांवर पांढरे डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञांनी टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं संप्रेरक) तपासायला लावलं. ते वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावल्याची खूण; त्यानंही थकवा येतो. तिचा थकवा आम्ही वयावर ढकलत होतो. डाग असणाऱ्यांनी ही साधी रक्ततपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी.