ऑनलाइन वॉलेट असुरक्षित म्हणता, मग कपाटातला कागद सुरक्षित कसा?

उंबरठा (धागाकर्ता)

ओळखीच्या एका गृहस्थांचे थोडे बिटकॉइन एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या कंपनीच्या, ऑनलाइन वॉलेटमध्ये पडून आहेत. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण गेली तर झोप उडेल इतकी आहे. चौघांनी त्यांना एकच मंत्र दिला होता: चावी तुमच्याकडे नाही तर नाणी तुमची नाहीत, आजच बाहेर काढा. मी म्हटलं, राहू द्या तिथेच. तेव्हापासून मला वेड्यात काढणं चालू आहे, म्हणून हा धागा.

मुळात 'वॉलेट' हा शब्दच दिशाभूल करतो. पाकिटात पैसे असतात. क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये नाणं एकही नसतं, सगळा हिशोब ब्लॉकचेन नावाच्या सामायिक वहीत लिहिलेला असतो. वॉलेटमध्ये असते ती खाजगी चावी, म्हणजे एक भलामोठा आकडा. आकडा ज्याच्या हाती, माल त्याचा. मग तो आकडा मी कपाटात कागदावर सांभाळायचा, की ज्याचा धंदाच सांभाळण्याचा आहे त्याने? प्रश्न एवढाच.

माणसं स्वतःच सांभाळतात तेव्हा काय होतं बघा. स्टेफन थॉमस या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद पेनड्राइव्हमागे अडकले. पासवर्डचा कागद हरवला. दहा वेळा चुकलं की ड्राइव्ह कायमचा बंद, आणि २०२१ साली ही गोष्ट जगाला कळली तेव्हा आठ वेळा चुकून झालं होतं. वेल्समधल्या न्यूपोर्टचे एक गृहस्थ २०१३ मध्ये हार्ड डिस्क कचऱ्यात घालवून बसले, तिच्यावर सुमारे ८,००० बिटकॉइनची चावी होती. कचरा डेपो उकरायला परवानगी द्या म्हणून कोर्टापर्यंत गेले, हरले. या दोघांना कोणी हॅक केलं नव्हतं. आणि दोघंही संगणकात मुरलेले. मग आपल्यासारख्यांनी कसला भरवसा धरायचा?

कडीकोयंडा

साफ असहमत. तुमचे दोन दाखले वाचले, आता माझे घ्या.

माउंट गॉक्स एक्स्चेंज, टोकियो, फेब्रुवारी २०१४. साडेआठ लाख बिटकॉइन बेपत्ता म्हणून जाहीर झालं, नंतर त्यातले दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये 'सापडले'. (असं काही सापडतं तेव्हा हसावं की रडावं?) ठेवीदारांना बिटकॉइन परत मिळायला सुरुवात कधी झाली? जुलै २०२४ मध्ये. तुमच्या पेनड्राइव्हवाल्याने निदान स्वतःच्या चुकीने गमावले. इथे दुसऱ्याच्या गलथानपणापायी लोक दहा वर्षं ताटकळले.

आणि चोरीच व्हायला हवी असंही नाही. एफटीएक्स हे एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळलं ते ग्राहकांचा पैसा मालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे वळवला गेला म्हणून. मालकाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, ठीक. 'लोकांना पैसे परत मिळाले की' असं आता सांगतात. मिळाले, पण बिटकॉइन नाही, डॉलर, आणि तेही दिवाळखोरीच्या दिवशीच्या भावाने. तो भाव तळाचा होता. म्हणजे मधली सगळी वाढ गेली.

क्रिप्टोवर व्याज देणाऱ्या सेल्सियस कंपनीचं तर वाचाच. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की व्याजाच्या खात्यांत लोकांनी ठेवलेली क्रिप्टो कंपनीच्या मालकीची आहे, कारण अटी-शर्तींत तसं लिहिलंय. साधारण सहा लाख खाती होती. त्यातल्या किती जणांनी त्या अटी वाचल्या असतील?

तिरपागडे

मी वाचतो अटी. शेवटपर्यंत. मग 'सहमत' दाबतो, कारण दुसरं बटणच नसतं.

नवशिक्या

भाबडा प्रश्न आहे, हसू नका. माझ्याकडे फोनवर वॉलेटचं ॲप आहे. त्याने दिलेले बारा शब्द, ज्यांवरून चावी पुन्हा बनवता येते, मी कागदावर उतरवलेत. म्हणजे माझं ऑनलाइन की ऑफलाइन?

निशिगंधा

नवशिक्या, प्रश्न भाबडा नाही, धाग्याचं खरं दुखणं तिथेच आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या जाताहेत. चावी कोणाकडे आहे ही एक. चावी इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर आहे का, ही दुसरी. तुमची चावी तुमच्याकडेच आहे, पण ती सतत नेटवर असलेल्या फोनमध्ये बसलीय. याला हॉट वॉलेट म्हणतात; चावी नेटपासून तोडून ठेवली तर ते कोल्ड. एक्स्चेंज बुडलं तर तुम्हाला झळ नाही, पण ॲपच कच्चं निघालं तर?

तसं झालंय. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरची आठ हजारांहून जास्त वॉलेटं भराभर रिकामी झाली. तपासात बोट स्लोप नावाच्या ॲपकडे गेलं. ॲप बिघाडाच्या नोंदी सर्व्हरला पाठवायचं आणि त्यांत लोकांचे बारा शब्दही जात होते, उघडेवाघडे. लोकांनी कागद जपून ठेवला होता हो, पण शब्द आधीच बाहेर पडले होते.

डिसेंबर २०१८ मधला इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटचा प्रकार आणखी वाईट. वॉलेट अस्सल होतं. पण ते ज्या सर्व्हरांशी बोलतं त्यांत चोरांनी आपले सर्व्हर घुसवले. व्यवहार करायला गेलं की 'अपडेट करा' असा निरोप वॉलेटच्या स्वतःच्या खिडकीत यायचा, दुवा मात्र नकली आवृत्तीचा. तुम्ही काय केलं असतं? मी सुरक्षेच्या कामात पंधरा वर्षं आहे, तरी त्या दिवशी घाईत असते तर दाबलं असतं.

आणि कडीकोयंडा, 'कोल्ड' म्हणजे सुरक्षितच असंही समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे चार लाख इथर (बिटकॉइनसारखंच दुसरं नाणं) गेले, जवळपास दीड अब्ज डॉलर. ते कोल्ड वॉलेटमधून गेले. एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागत होत्या. सह्या करणाऱ्यांच्या पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता आणि सही भलत्यावरच होत होती, कारण तो पडदा ज्या वेबसाइटवरून येत होता तिच्यातच फेरफार केला होता. चावी कोणी चोरली नाही. ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडूनच फिरवून घेतली.

उंबरठा

निशिगंधाताई, आभार. पण बायबिटचं पुढचंही सांगा ना. त्यांनी कर्ज काढून, बाजारातून इथर घेऊन भरपाई केली, ग्राहकांचे पैसे बुडाले नाहीत. जपानच्या कॉइनचेक एक्स्चेंजमधून जानेवारी २०१८ मध्ये बावन्न कोटी नेम नाणी गेली, सगळी हॉट वॉलेटमध्ये ठेवलेली, शुद्ध हलगर्जीपणा. तरी ग्राहकांना भरपाई दिली. माझा कागद भिजला तर मला भरपाई कोण देणार?

कडीकोयंडा

भरपाई येनमध्ये आणि कंपनीने ठरवलेल्या भावाने. आणि ती दिली कारण देण्याजोगी होती. बिटफिनेक्स एक्स्चेंजचं काय? ऑगस्ट २०१६ मध्ये जवळपास एक लाख वीस हजार बिटकॉइन चोरीला गेले आणि सगळ्याच ग्राहकांच्या खात्यातून सरसकट ३६ टक्के कापले. ज्यांच्या नाण्यांना हातही लागला नव्हता त्यांचेही. बदल्यात एक टोकन, म्हणजे डिजिटल हमीपत्र, दिलं. पुढे कंपनीने फेडलं, मान्य. पण माझ्या ठेवीला परस्पर कात्री लावण्याचा हक्क ज्याला आहे, त्याच्या हाती मी चावी का देऊ?

पाणपोई

कागद भिजण्याचा विषय निघालाच आहे तर स्वतःचं सांगतो. खरोखर भिजला होता. नळाची गळती कपाटात उतरली आणि सातवा शब्द शाईच्या डागात गेला. बाकीचे अकरा ठणठणीत. फोन आधीच मेलेला, म्हणजे तो कागदच काय ते सर्वस्व.

पहिला तासभर हातपाय गार. मग शांतपणे विचार केला. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतूनच येतात. यादी अशी बेतलेली आहे की पहिल्या चार अक्षरांत प्रत्येक शब्द वेगळा पडतो. म्हणजे माझा हरवलेला शब्द २,०४८ पैकीच एक. त्यात बारा शब्दांचा आपसात ताळा जुळावा लागतो, त्यात सोळांतले पंधरा गळतात. उरले सुमारे १२८. जुना लॅपटॉप काढला, नेटची वायर उपसली, छोटा प्रोग्रॅम लिहून सगळे पर्याय तपासले. प्रत्येकाचा पत्ता (खातेक्रमांकासारखा) काढून घेतला आणि नुसते पत्ते दुसऱ्या यंत्रावर ब्लॉकचेनवर पाहिले. एकाहत्तराव्याला माझी शिल्लक दिसली. चहा गार झाला होता.

तेव्हा उंबरठासाहेब, कागद भिजला म्हणजे सगळं संपलं असं नाही.

उंबरठा

पाणपोई, शाबास. पण तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येतो! माझ्या ओळखीच्यांनी काय केलं असतं? नेटवर 'वॉलेट परत मिळवून देतो' म्हणणारा कोणीतरी शोधला असता आणि त्याला उरलेले अकरा शब्द वाचून दाखवले असते. तुम्हीच गणित मांडलंत: अकरा शब्द मिळाले की उरलेलं काम दुपारभराचं. चोरालाही तेवढंच.

पाणपोई

हे मात्र खरं. याला उत्तर नाही माझ्याकडे.

रोखठोक

दोन्ही पार्ट्या एक प्रश्न टाळताहेत. उद्या तुम्ही गेलात तर? कागद कुठे आहे हे घरात कोणाला ठाऊक आहे? एक्स्चेंजकडे निदान मृत्यूचा दाखला घेऊन हेलपाटे घालता येतात. कागद सापडला तरी बायको तो रद्दीत टाकेल, बारा इंग्रजी शब्द, कशाचा कशाला संबंध नाही.

तिरपागडे

मृत्यूवरून आठवलं. कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये वारला आणि 'चाव्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या' असं कंपनीने सांगितलं. पुढे वॉलेटं सापडली तर बहुतेक आधीच रिकामी. त्याने ग्राहकांचा पैसा सट्ट्यात घालवला होता. म्हणजे हेलपाट्यांचंही खरं नाही.

निशिगंधा

हार्डवेअर वॉलेटचं, म्हणजे चावी ठेवायच्या छोट्या यंत्राचं, नाव अजून कोणी कसं काढलं नाही? चावी यंत्राबाहेर येत नाही, व्यवहार त्याच्या चिमुकल्या पडद्यावर तपासता येतो. मी तेच वापरते. पण त्याचंही ऐकून घ्या. २०२० मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली, सुमारे दोन लाख सत्तर हजार जणांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर. एकही चावी गेली नाही. पण 'या घरात क्रिप्टो आहे' अशी छापील यादीच चोरांना मिळाली, आणि काहींच्या घरी टपालाने नकली यंत्रंही आली, 'जुनं बदलून हे वापरा' अशा पत्रासकट.

आणि एक धोका सगळ्यांना सारखाच. मे २०२४ मध्ये एकाने सुमारे सात कोटी डॉलरचे रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या भावाला बांधलेलं टोकन) भलत्याच पत्त्यावर पाठवले. चोराने त्याच्या नेहमीच्या पत्त्यासारखा पत्ता बनवला होता, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारी, आणि तिथून किरकोळ व्यवहार करून त्याच्या यादीत घुसवला होता. आपण सगळे पत्ता कसा तपासतो? सुरुवात बघतो, शेवट बघतो. मधलं कोण वाचतं? (त्या चोराने पुढे बहुतेक रक्कम परत केली. असे चोर रोज भेटत नाहीत.)

नवशिक्या

मी आत्ताच माझा पत्ता उघडून मधली अक्षरं पहिल्यांदा वाचली.

बरं, उंबरठाकाका, त्या ओळखीच्यांचं शेवटी काय झालं?

उंबरठा

एक्स्चेंजमध्येच आहेत. पण कडीकोयंड्यांच्या धाकाने मी त्यांना दोन कामं करायला लावली. ओटीपी एसएमएसवरून काढून फोनवरच कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर नेला, सिम दुसऱ्याने काढून घेतलं तरी निभावेल. आणि पैसे काढायचा पत्ता ठरवून बाकीचे बंद केले. नवीन पत्ता घातला की तिथे चोवीस तास काही काढता येत नाही. ते वैतागले, 'माझेच पैसे आणि मलाच थांबवतात?' मी म्हटलं, चोरालाही थांबवतात.

कडीकोयंडा

चांगलं केलंत. आता त्या पत्त्यावर थोडीशी रक्कम खरोखर काढून बघायला सांगा. पूर्ण मिळते का, किती वेळ लागतो, मध्येच नवीन कागदपत्रं मागतात का, ते कळेल. सेल्सियसवाल्यांना पैसे काढायचं बटण चालत नाही हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी उशीर झाला होता.

उंबरठा

रविवारी बसवतो त्यांना. जमलं नाही तर इथे येऊन माझी चूक कबूल करेन.

पाणपोई

अवांतर: कोणी शब्द उतरवणार असेल तर शाईचं पेन नको, पेन्सिल घ्या. शिसं पाण्याने पसरत नाही. आणि कागद नळाजवळच्या कपाटात ठेवू नका.