मदत हवी आहे: जुन्या ७३७ च्या कॉकपिटवरच्या छोट्या खिडक्या

नमस्कार मंडळी,

माझे बाबा इंडियन एअरलाइन्समध्ये सांताक्रूझला ग्राउंड स्टाफला होते. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. त्यांच्यासाठी बोइंग ७३७-२०० चं शिवणीच्या लाकडाचं मॉडेल करतोय. खरं विमान साडेतीस मीटर, माझं ६१ सेंटिमीटर. धड झालं, पंख झाले, नाकाशी येऊन अडलोय.

बाबांच्या १९८२ च्या फोटोत समोरच्या काचांच्या वर दोन्ही बाजूंना दोन-दोन छोट्या खिडक्या दिसतात, अगदी भुवयांसारख्या. नेटवर मिळालेल्या आराखड्यात मात्र कपाळ कोरं! काही फोटोंत तिथे नुसता पत्रा बसवलाय. या खिडक्या होत्या कशासाठी? आणि वैमानिक जी खिडकी सरकवून खालच्या माणसांशी बोलायचे, असं बाबा सांगतात, ती नेमकी कुठली? त्यांनाच विचारलं तर बेत फुटेल.

प्रतिसाद:
फोटोवर विश्वास ठेवा, भुवया कोराच. वळताना विमान एका अंगाला कलतं, तेव्हा ज्या दिशेला वळायचं ती बाजू वैमानिकाला वरच्या काचेतून दिसते. बोइंगच्याच आधीच्या ७०७ आणि ७२७ या विमानांची कॉकपिटची घडण ७३७ ला आली, तिच्याबरोबर या खिडक्याही आल्या. बोइंगने २००५ च्या सुमारास नव्या विमानांतून त्या काढल्या. वजन सुमारे ९ किलोने घटलं आणि दर विमानामागे तपासणीचे जवळपास ३०० तास वाचले. जुन्या विमानांत त्या जागी धातूची झाकणं बसवता येतात, तोच तुमचा पत्रा.

सरकणारी खिडकी म्हणजे समोरची काच पहिली धरली, तर तिला लागून असलेली बाजूची दुसरी. अडचणीच्या वेळी वैमानिक तिथूनच दोराला धरून खाली उतरतात.

समोरच्या काचांना गोलाई देऊ नका, त्या सपाटच असतात. सपाट काचेतून धावपट्टी वेडीवाकडी दिसत नाही. काचही एकसंध नसते: काच, मऊ प्लॅस्टिक, पुन्हा काच, आणि आत विजेवर तापणारा पातळ थर. त्याने बर्फ धरत नाही, शिवाय ऊबेमुळे प्लॅस्टिक लवचिक राहतं आणि पक्षी आदळला तर धक्का पेलतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार! आजच पटाशी घेऊन बसतो. डावीकडची दुसरी खिडकी अर्धी उघडी ठेवणार आहे, बाबांना लगेच ओळखू येईल. ती जेमतेम सेंटिमीटरभर रुंद होतेय. तिच्यासाठी पातळ पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पुण्यात सुटं कुठे मिळेल?