एटीव्हीचा बेल्ट कोरडा ठेवायचा कसा: स्नॉर्कल, सीलिंग की सरळ कमी पाणी?

खटपट्या
एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी रुंद टायरची चारचाकी, घेऊन पाण्यातून बाहेर आलं की इंजिन ओरडतंय, आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढताहेत आणि गाडी जागची हलत नाही. बेल्ट भिजला! मग जो तो सिलिकॉनची ट्यूब घेऊन सीव्हीटीच्या, म्हणजे गिअरऐवजी बेल्ट आणि दोन पुल्यांनी ताकद पुढे नेणाऱ्या यंत्रणेच्या, कव्हरवर तुटून पडतो. माझं म्हणणं असं की ते कव्हर बंद करण्याचा नाद सोडा आणि हवेची तोंडं वर न्या.

रबरी बेल्ट पुलीच्या तिरक्या भिंतींमध्ये दाबला जातो आणि निव्वळ घर्षणाच्या पकडीवर ताकद पुढे नेतो. त्यामुळे तो तापणारच. म्हणून पुढच्या पुलीवर पंख्यासारखी पाती असतात. ती एका नळीतून गार हवा ओढतात आणि दुसरीतून गरम हवा बाहेर फेकतात. कव्हर कितीही घट्ट केलंत तरी ही दोन भोकं उघडी राहणारच, आणि खोल पाण्यात पाणी तिथूनच शिरतं. गरम हवेची नळी बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूला उघडते. इंजिन जोरात असेपर्यंत हवेचा झोत पाणी अडवतो. थ्रॉटल सुटला की पाणी उलटं आत.

म्हणून स्नॉर्कल, म्हणजे हवेची तोंडं वर नेणाऱ्या नळ्या. इंजिनाची हवा, सीव्हीटीत जाणारी हवा आणि तिथून निघणारी हवा, तिन्ही तोंडं हँडलच्या उंचीला.

पट्टेवाला
नाक उंच केलं म्हणून गाडीची मगर होत नाही, साहेब.

एटीव्हीचे टायर रुंद, कमी हवेचे, फुग्यासारखे असतात. पाणी एका उंचीच्या वर गेलं की गाडी तरंगायला लागते, चाकांची पकड जाते, आणि प्रवाह असेल तर ती आडवी सरकते. त्या वेळी तुमचा बेल्ट ठणठणीत कोरडा असून उपयोग काय? कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पाण्याची मर्यादा पाय ठेवायच्या पट्टीपर्यंतच सांगितलेली असते. त्यात बेल्टखेरीज व्हील बेअरिंग, डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) व्हेंट, रेडिएटरचा पंखा, वायरिंगचे जोड, सगळ्यांचा विचार असतो.

दुसरं म्हणजे लांब नळी आणि तिला चार कोपरे, म्हणजे हवा कमी. वर्षातून दोनदा पाण्यात जाण्यासाठी उरलेले सगळे दिवस बेल्ट गरम ठेवायचा, हा कुठला हिशेब?

खटपट्या
नळीचा व्यास मूळच्यापेक्षा कमी करू नका, काटकोनी वळणाऐवजी गोल वळण द्या, तापमानाचा सेन्सर लावा. हे न करता कोणी मिळेल तो पाइप जोडला, तर दोष जोडणाऱ्याचा.

घट्ट झाकण
तुम्ही दोघंही गॅस्केटला, म्हणजे कव्हरच्या सीलला, उगाच मोडीत काढताय. कव्हरची रबरी कड कडक झालेली असते, एखादा बोल्ट गायब असतो, नळीचा क्लॅम्प सैल असतो, आणि तरी लोक स्नॉर्कलचा किट मागवतात! आधी गळती शोधा. एका नळीचं तोंड बंद करा, दुसरीतून हवा फुंका आणि सगळ्या कडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे भगदाड. मात्र तोंडाने फुंकण्याइतकीच हवा. कॉम्प्रेसर लावलात तर आतली शाफ्टची सीलं जागा सोडतील. आतल्या बाजूचं, इंजिनाला चिकटलेलं कव्हरही तपासा. तिकडे कोणी बघतच नाही.

आणि हे सगळं घट्ट झालं, की पाण्यात उतरण्यापुरती दोन्ही तोंडं झडपेने बंद करता येतील. दोन मिनिटांत बेल्ट काही जळत नाही.

पट्टेवाला
साबणाची चाचणी मान्य. झडप अजिबात नाही. आतली हवा ९० अंशांवर आहे असं धरा. तोंडं बंद केलीत आणि गार पाण्याने ती ३० अंशांवर आणली, तर दाब सुमारे एक षष्ठांशाने पडतो. जवळजवळ पावणेदोन मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ! तुमचं गॅस्केट एवढं पाणी बाहेर थोपवणार? उघड्या नळीत ही ओढ तयारच होत नाही. म्हणजे झडप लावून तुम्ही पाण्याला बोलावणं धाडताय.

चिखलमित्र
खोल पाण्यावर एवढी चर्चा, आणि प्रेशर वॉशरचं नावही नाही. कव्हरच्या कडेवर किंवा नळीच्या तोंडावर जवळून फवारा मारला की पाणी घुसलंच. ओढा न पाहिलेल्या गाडीचाही बेल्ट असा भिजतो.

शिवाय नुसतं पाणी परवडलं, चिखल नाही. पाणी काढता येतं. चिखलातली रेती मात्र पुलीच्या गुळगुळीत भिंतींवर चरे पाडते, पुलीतल्या वजनांच्या आसपास सुकून बसते. माझ्या मते कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) पावसाळी वापरात काढूनच ठेवावा. आलेलं पाणी आपोआप जाईल.

घट्ट झाकण
आणि त्याच भोकातून पुढचं पाणी आत येईल, रेतीसकट. प्लग काढायचा तो काठावर आल्यावर.

पट्टेवाला
इथे झाकणवाल्यांशी सहमत. प्लग काढा, पाणी निथळू द्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडा थोडा थ्रॉटल द्या. पुल्या मोकळ्या फिरतील आणि पंखा ओल बाहेर टाकेल. बेल्ट घसरत असताना गिअरमध्ये रेस करत बसलात तर त्याच्या कडा चकचकीत होतात, आणि मग तो कोरडा असतानाही घसरतो. पाण्यात शिरताना लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर), वेग कमी, थ्रॉटल एकसारखा.

नवखा
मग बेल्टच नसलेली गाडी का घेऊ नये? होंडाच्या फोरमन, रँचरमध्ये गिअरच आहेत ना?

खटपट्या
आहेत, आणि बेल्टची कटकट खरंच संपते. पण इंजिनाला हवा तिथेही लागते. एअर बॉक्समधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यापुढे भिजलेला बेल्ट म्हणजे काहीच नाही. त्यामुळे स्नॉर्कलचा मुद्दा मी सोडत नाही.

पट्टेवाला
सोडू नका. फक्त किट लावल्यावर पहिल्यांदा कोरड्यात चढावर, वजन लादून चालवा आणि तो तापमानाचा आकडा इथे टाका. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.

चिखलमित्र
आणि कव्हर उघडालच तर सिलिकॉन बेताने. दाबून आत फुगलेली लडी सुटली की थेट बेल्टवर जाते.