कंपवातात हालचाल किती मंदावेल, हे मेंदूच्या स्कॅनवरून रुग्णाला सांगावे का?

पैलतीर

कंपवाताचे निदान झाले की रुग्णाला गोळ्यांपेक्षा दुसऱ्याच प्रश्नाची काळजी अधिक असते: आणखी किती वर्षे कोणाच्या आधाराविना चालता येईल? आजवर डॉक्टर ‘प्रत्येकाचे वेगळे असते’ एवढेच सांगत आले. माझ्या मते आता त्याहून अधिक सांगता येईल आणि ते सांगितले पाहिजे. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘पीपीएमआय’ या दीर्घकालीन अभ्यासातील एमआरआयचे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हालचालींवर ताबा ठेवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मेंदूत जिथे मरतात, त्या सबस्टॅन्शिया नायग्राच्या मागील भागात पेशींबाहेरच्या मोकळ्या पाण्याचे प्रमाण, म्हणजे ‘फ्री वॉटर’, रुग्णांमध्ये चार वर्षे वाढत गेले. सुरुवातीच्या काळातील या वाढीचा चार वर्षांत होएन-यार या, आजार किती वाढला ते सांगणाऱ्या श्रेणीत झालेल्या घसरणीशी संबंधही आढळला. यासाठी किरणोत्सारी द्रव्य टोचावे लागत नाही. मग ही माहिती रुग्णापासून दूर का ठेवायची?

अणुरेणू

संबंध आढळणे आणि समोर बसलेल्या एका माणसाचे भाकीत करता येणे, यांत फार अंतर आहे. लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाची ‘एलडोपा’ चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, ती या चर्चेत विसरता येत नाही. आजाराच्या प्रारंभीच्या अवस्थेतील ३६१ रुग्णांना ४० आठवडे लेव्होडोपाच्या निरनिराळ्या मात्रा किंवा औषध नसलेली गोळी दिली आणि नंतर दोन आठवडे सर्वांचे औषध थांबवून हालचाल तपासली. लेव्होडोपा घेतलेल्यांची हालचाल कमी खालावली होती, परंतु ज्यांचे किरणोत्सारी द्रव्य टोचून स्पेक्ट स्कॅन केले त्यांच्यात डोपामिन ट्रान्सपोर्टरची, म्हणजे डोपामिन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाची, घट त्याच गटात अधिक दिसली. म्हणजे ज्यांचे शरीर बरे चालत होते, त्यांचेच स्कॅन अधिक वाईट. शिवाय तज्ज्ञांनी कंपवात ठरवलेल्या काही रुग्णांच्या स्कॅनमध्ये डोपामिनची कमतरताच नव्हती. अशा साधनावर विसंबून एखाद्याने नोकरी सोडली किंवा घर विकले, तर उत्तर कोणी द्यायचे?

चांदणवेल

मी प्रतिमाशास्त्राच्या विभागात काम करते, म्हणून एक भेद स्पष्ट करते. आपण दोन निराळ्या मोजमापांना एकाच तराजूत घालत आहात. स्पेक्टमध्ये दिसतो तो ट्रान्सपोर्टर, आणि त्याचे प्रमाण औषधामुळेही बदलू शकते. ‘एलडोपा’च्या निष्कर्षाचे हेच एक संभाव्य स्पष्टीकरण तेव्हाच दिले गेले होते. फ्री वॉटर हे ऊतीच्या रचनेचे मोजमाप आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या २०१३ मधील अभ्यासात निदानानंतर साधारण चार वर्षांतच पुटामेनच्या, म्हणजे हे डोपामिन जिथे पोहोचते त्या मेंदूच्या भागाच्या, वरच्या बाजूचे डोपामिन तंतू जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. त्यापुढे त्या भागाचे स्पेक्ट करून काय मोजणार? माणूस मात्र त्यानंतर अनेक वर्षे जगतो आणि त्याची हालचाल खालावतच राहते. म्हणून स्पेक्टच्या अपयशावरून एमआरआयला बाद करणे मला पटत नाही.

अणुरेणू

आपला भेद मान्य. पण आपलाच मुद्दा पुढे नेला तर तो माझ्या बाजूला येतो. तंतू संपल्यानंतरही हालचाल खालावत असेल, तर पुढच्या घसरणीचे कारण केवळ सबस्टॅन्शिया नायग्रात नाही. पडण्याचा संबंध डोपामिनपेक्षा ॲसिटिलकोलिन हे दुसरे रसायन वापरणाऱ्या चेतापेशींच्या हानीशी अधिक आहे, असे पेट स्कॅनच्या अभ्यासांत दिसले आहे, आणि रुग्णाला अंथरुणाला खिळवते ते बहुधा पडणेच. हात मंदावण्याचे भाकीत जमले म्हणून तोल जाण्याचे जमेल, हे कशावरून? मुळात होएन-यार ही पाचच पायऱ्यांची ढोबळ श्रेणी आहे, आणि औषधाचा परिणाम टिकून असताना तपासलेला रुग्ण व तो उतरल्यावर तपासलेला तोच रुग्ण वेगवेगळे गुण मिळवू शकतो.

सावकाश

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे: भाकीत हाती आल्यावर आपण काय वेगळे करणार? आजाराची गती मंदावते असे सिद्ध झालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. व्यायामाबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्क्स’ चाचणीत, औषध सुरू न केलेल्या १२८ रुग्णांपैकी जे सहा महिने ट्रेडमिलवर हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्के ठेवून चालले, त्यांचे हालचालींचे गुण सरासरी ०.३ ने बिघडले, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचे ३.२ ने. हा व्यायाम मी स्कॅन पाहून सांगत नाही, झेपेल त्या प्रत्येकाला सांगतो. स्कॅन चांगला निघालेला रुग्ण उद्या व्यायाम सोडेल, ही भीती मला अधिक वाटते. (वाईट निघालेलाही सोडेल, पण वेगळ्या कारणाने.)

पैलतीर

उपचार बदलत नाहीत म्हणून माहिती निरुपयोगी, हा युक्तिवाद मला डॉक्टरांच्या सोयीचा वाटतो. जिन्याचे घर बदलावे का, निवृत्ती कधी घ्यावी, मुलांना परदेशातून कधी बोलवावे, हे निर्णय गोळ्यांवर अवलंबून नसतात. आणि मोजमाप इतके कुचकामी असते, तर युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये प्रारंभीच्या कंपवाताच्या चाचण्यांसाठी योग्य रुग्ण निवडायला ट्रान्सपोर्टर स्कॅनला (म्हणजे स्पेक्टला) मान्यता कशी दिली असती?

अणुरेणू

ती मान्यता रुग्ण निवडण्यासाठी आहे, आणि त्या कामाला माझा विरोध नाही. ज्यांची घसरण होणारच नाही असे लोक चाचणीत शिरले की चांगले औषधही निष्फळ ठरते; ते वगळले तर कमी रुग्णांत उत्तर मिळते. तिथे शंभरांपैकी काहींच्या बाबतीत अंदाज चुकला तरी चाचणी टिकते. सल्ला घ्यायला आलेल्या कुटुंबात रुग्ण एकच असतो. फ्री वॉटरचा आकडा अहवालात छापायचाच असेल, तर वयानुसार सामान्य मर्यादा, निरनिराळ्या यंत्रांवरील मोजमापातला फरक आणि एका व्यक्तीसाठी त्या अंदाजाची चूक किती असू शकते, या तीन गोष्टी त्याच पानावर छापाव्यात. त्या छापता येत नसतील, तर आकडाही छापू नये.

चांदणवेल

तीनही अटी मला मान्य आहेत. फक्त त्या स्कॅनपुरत्या ठेवू नयेत. ‘पाच वर्षे तरी काही होणार नाही’ असे नुसत्या अनुभवावरून सांगणाऱ्या डॉक्टरांनाही त्या लागू कराव्यात, कारण त्या अंदाजातली चूक तर कोणी मोजलेलीही नाही.