काठी एका हातात, मग झोला कुठल्या हातात? (इंदूर)

लोकमान्यनगरची काकू

नमस्कार मंडळी, इथे नुसतीच वाचत असते, आज विचारायचंच ठरवलं. वय ६१, राहते लोकमान्य नगरला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मागच्या पावसाळ्यात पाय घसरला, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. आता चालते पण काठी लागते आणि डॉक्टर म्हणतात राहू द्या काठी, घाई नको. घरातलं सगळं करते, स्वयंपाकाचं काही अडत नाही, अडतंय ते सामान आणणं.

आधी आम्ही दोघं स्कूटरवर चोइथराम मंडीत जायचो, आठवड्याची भाजी एकदम, किराणा महिन्याचा सियागंजातून. आता मी एकटीच आणि मंडीचं तर नावच नको, तो चिखल, ते हातठेले, मागून हम्माल ओरडतोय हटो हटो, काठी घेऊन कुठे हटू? म्हणून कॉलनीतलंच दुकान आणि कोपऱ्यावरचे ठेले. पण तिथेही एका हातात काठी, दुसऱ्या हातात झोला, मग पर्स कोण उघडणार आणि जिन्याचा कठडा कोण धरणार? पैसे उजव्या हातानेच द्यायची सवय म्हणून काठी डाव्या हातात घेते, तरी गडबडच होते. काउंटरला टेकवून ठेवली की घसरून पडते आणि मग वाकून उचलायची कोणी.

आणखी एक, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. मला चालायला जमतं, उभं राहायला जमत नाही. दुकानात नंबर लागेस्तोवर उभी राहिले की खुब्यापासून गुडघ्यापर्यंत ओढ लागते, तेवढ्या वेळात मी चालत चौकापर्यंत जाऊन येईन.

मुलगा हैदराबादहून मोबाइलवर ऑर्डर टाकतो, माणूस दारात आणून देतो, तक्रार नाही. पण गिलकी (घोसाळी) जून निघते, मोरधन म्हणजे वरई सांगितली तर साबुदाणा येतो, आणि खरं म्हणजे मला काय आणायचंय ते दुकानात समोर डबे दिसल्यावरच आठवतं. कोणी असं निभावतंय का? कसं करता?

पुण्यातला इंदौरी

काकू कशाला रिस्क घेता, सगळं ऑनलाइन मागवा ना. माझ्या बाबांना मी अॅप शिकवून दिलं, आता तेच मला सांगतात कशावर ऑफर आहे. एकदा परत पडलात तर मुलाला धावत यावं लागेल. गिलकी जून निघाली तर फोटो टाका, पैसे परत मिळतात.

आईची सेक्रेटरी

@पुण्यातला इंदौरी, पैसे परत मिळाले तरी संध्याकाळची भाजी नसतेच ना भाऊ. आणि घरात बसून राहिलं तर पाय आणखीनच आखडतात, हे मी घरी बघतेय. काकूंनी काय विचारलंय ते तरी वाचा, त्यांना जायचंय.

फिजिओवाली

काकू, मी इंदूरचीच, फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, पण तुमचं वाचून पहिली गोष्ट दिसली ती सांगते. खुबा डावा आहे तर काठी उजव्या हातात हवी, दुखऱ्या बाजूच्या उलट हातात. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. आपण एका पायावर उभे असतो तेव्हा शरीर तोलून धरायला त्या बाजूच्या स्नायूंना जोर लावावा लागतो आणि खुब्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. काठी पलीकडच्या हातात असली की स्नायूंचं ते काम कमी होतं, डाव्या हातात धरून तेवढा फायदा नाही.

म्हणजे झोला डाव्या हातात, दुखऱ्याच बाजूला, आणि तेच बरोबरही आहे कारण उजव्या हातात वजन घेतलं तर डाव्या खुब्यावरचा ताण वाढतो. पण वजन म्हणजे किलोभर, फार तर दीड. तेलाचं एक लिटरचं पाउच ९०० ग्रॅमच्या वर भरतं, त्यात दोन गोष्टी टाकल्या की झालं. लहान पाठपिशवी असेल तर सगळ्यात बरं, वजन दोन्हीकडे सारखं आणि हात मोकळा. पैशाला गळ्यात छोटी पर्स. डाव्या हाताने पैसे दिले तर सेठला राग येत नाही, करा सवय.

काठीची उंची पण बघून घ्या. बाहेर घालता त्या चपला घालून सरळ उभ्या राहा, हात सोडा, मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे म्हणजे धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं. खालचा रबराचा बूट झिजून गुळगुळीत झाला असेल तर आधी बदला, मेडिकलवर मिळतो, ओल्या फरशीवर सगळा खेळ त्याच्यावर आहे. आणि मोच्याकडून काठीला चामड्याची नाडी लावून घ्या, मनगटात अडकवली की काउंटरवर दोन्ही हात मोकळे, वाकायची भानगड नाही.

जिना: चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा आधी. एक हात कठड्यावर, एक काठीवर, म्हणजे हातात धरायचं सामान जिन्यात शून्य. ती तीन-तीन चाकांची जिना चढणारी ट्रॉली दाखवतात ना, ती ओढायला तुमच्याकडे हातच उरत नाही, घेऊ नका. सपाट रस्त्यावर दोन चाकांची कापडी ट्रॉली चालेल, तीही खाली कोणी ठेवून घेणारं असेल तर. सामान वेगळं चढलं पाहिजे आणि तुम्ही वेगळ्या.

उभं राहण्याचं पटत नाही म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, हे अगदी कॉमन आहे. चालताना भार या पायावरून त्या पायावर जातो, स्नायूंना मधे मधे सुट्टी मिळते, एका जागी उभं राहिलं की तेच स्नायू सलग ताणलेले. उपाय एकच, बसायचं. दुकानात स्टूल मागा.

साइडव्हीलवाला

फिजिओ ताईंनी शरीराचं सांगितलं, मी दुकानाचं सांगतो. मला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांना कॅलिपर, गाडीला मागे दोन जास्तीची चाकं लावून घेतली आहेत आणि किराणा गेली कित्येक वर्षं माझ्याचकडे आहे, बायको ऑफिसला जाते. मी भाव बघून दुकान निवडत नाही, ओटला बघून निवडतो. एक पायरी असेल आणि धरायला काहीतरी असेल तर दुकान चांगलं. तीन पायऱ्या आणि खाली नालीवर हलणारी फरशी असेल तर फुकट दिलं तरी नको.

लोक म्हणतात रॅम्प बनवायला सांगा. सांगून बघितलं. नियमात उतार एकास बाराचा आहे, म्हणजे ९ इंचाच्या ओटल्याला ९ फूट लांब रॅम्प, एवढी जागा दुकानासमोर आहेच कुठे, तिथे आधीच शेजाऱ्याची बाइक. मग लोखंडी पत्रा टेकवून देतात उभाच्या उभा, तो माल चढवायला ठीक, माणसाला नाही, आणि काठीवाल्याला तर पायरीपेक्षा वाईट. कायदा २०१६ चा आहे, दिव्यांगजन अधिकार कायदा, खासगी दुकानं-मॉल पण त्यात येतात. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधे सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे चालणार नाहीत, बंधनकारक करा. मोठ्या मॉलमधे त्याचा उपयोग होतो, तिथे लिफ्ट, व्हीलचेअर मागा, हक्काने मागा. कॉलनीतल्या सेठपुढे कोर्टाचं नाव काढून काही होत नाही भिया, तिथे ओळख कामाला येते.

माझी पद्धत अशी की जड सामानाची पर्ची आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर. आटा, तांदूळ, तेल, साखर, साबण, ज्यात निवडायचं काहीच नसतं ते सगळं मुलगा घरी टाकून जातो. आणि ज्यात निवडायचं असतं, भाजी, गूळ, शेंगदाणे, पोहे (पोह्यांच्या बाबतीत मी कोणावर विश्वास ठेवत नाही), त्यासाठी स्वतः जातो. तेवढंच सामान असतं आणि तेवढ्यातच मजा असते. जायचं दुपारी ३ च्या आसपास, दुकान रिकामं असतं, सेठला पण बोलायला कोणी हवं असतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी तर चुकूनही नाही, पगार झालेले असतात.

एक वैतागाची गोष्ट. बीआरटीएसवर, म्हणजे बससाठी राखीव वेगळ्या रस्त्यावर, आयबस होती तिचा प्लॅटफॉर्म बसच्या दाराच्या लेव्हलला होता, पाय न उचलता आत. आता तो कॉरिडॉरच काढायला घेतला, गाड्यांना जागा पाहिजे म्हणे. काकू, तुम्ही रिक्षाने जाल तर ई-रिक्षा बघा, पायरी खाली असते, चढायला सोपी.

आईची सेक्रेटरी

माझ्या आईला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड, सुदामा नगरला आमच्याबरोबरच राहते. तिचे पाय तर आहेतच, पण हाताची बोटंही वळत नाहीत, त्यामुळे पिशवीचे बंद बोटात अडकवणं बंदच. आम्ही झोल्याला रुंद पट्टा शिवून घेतला, तो खांद्यावर घालते. आता दुकानात प्लास्टिकची पन्नी मिळत नाही तर तसाही झोला न्यावाच लागतो. सगळं अर्धा किलोच्या पाकिटात घेते. थोडं महाग पडतं, पण ५ किलोची थैली तिला डब्यात ओतताच येत नाही, मग स्वस्त घेऊन काय फायदा.

सकाळी तिचे सांधे आखडलेले असतात त्यामुळे ताजी भाजी सकाळची वगैरे आमच्याकडे नाही, ११ नंतरच. आणि ज्या दिवशी अंगच धरतं त्या दिवशी मी दुकानातून व्हिडिओ कॉल लावते, ती घरी बसून दुधी उलटापालटा करायला लावते, नख लावून बघ म्हणते, ठेलेवाल्यालाही आता सवय झालीये, तो फोनसमोर स्वतःच धरतो.

काकू तुमच्या दोन मजल्यांसाठी मावशीचा उपाय सांगते, ती रामबागेत जुन्या वाड्यात वर राहते. गॅलरीत कप्पी लावलीये आणि दोरीला टोपली. ठेलेवाला खालून आवाज देतो, ती वरून बघून सांगते, तो दोन-तीन नग दाखवतो, टोपलीत टाकतो. पैसे यूपीआयने, नंबर सेव्ह करून ठेवलाय, खाली त्याच्या डब्यातून पैसे आल्याचा आवाज झाला की तो पुढे जातो.

बडोदेकर

आमच्याकडे भाजीचे लारीवाले (हातगाडीवाले) सोसायटीत येतात तेच बरं पडतं. खंडेराव मार्केटला जायची हौस असते पण गर्दीत गुडघे बोलायला लागतात. दोन-तीन लारीवाल्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा, म्हणजे एक नाही आला तर दुसरा.

शिवाय साठीच्या वरच्यांसाठी केंद्राची वयोश्री योजना आहे, २०१७ पासून, त्यात काठी, वॉकर, चार पायांची काठी असलं फुकट मिळतं. पण ती बीपीएल किंवा कमी उत्पन्नवाल्यांसाठी. तुम्हाला नको असेल तर कामवाल्या बाईंच्या घरी कोणी असेल त्यांना सांगा.

पुण्यातला इंदौरी

कप्पीची आयडिया भारी आहे. मी माझं ऑनलाइनचं मागे घेत नाही, पण जड सामान ऑनलाइन आणि भाजी स्वतः, हे बाबांना पण सांगतो.

लोकमान्यनगरची काकू

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना धन्यवाद. काठी उजव्या हातात घेऊन घरातल्या घरात फिरून बघितलं, विचित्र वाटतं पण ओढ खरंच कमी आहे. नाडी पण लावून घेते. सेठकडे दुपारी गेले आणि सरळ स्टूल मागितला, गल्ल्यामागून काढून दिला आणि वर मलाच म्हणतो, आंटीजी पहले बोलना था. मग बसल्या बसल्या अर्ध्या दुकानाचे डबे उघडून बघितले, नको होतं तेही घेतलं थोडं. दूध डेअरीवर मात्र जमणार नाही, तिथे बाहेर रस्त्यावरच रांग असते, दुधाचं बांधूनच टाकते घरपोच.

एक राहिलं. दिवाळीच्या आधी मसाल्यांसाठी मला मारोठियात जायचंच आहे, इकडचं तिकडचं तिखट मला चालत नाही. कोणी काठी घेऊन गेलंय का? आणि ती कप्पी कुठे मिळेल, सियागंजला जावं लागेल का?

साइडव्हीलवाला

मारोठिया गल्ली अरुंद आहे, दिवाळीच्या आठवड्यात तर मीही जात नाही. आधीच जाऊन या, मधल्या वारी, दुकानं उघडतात तेव्हाच. राजवाड्यापर्यंत रिक्षा, समोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या बगीच्यात थोडं बसून घ्या, मग पुढे. सोबत कोणीतरी न्याच, सामानासाठी नाही, मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवायला. आणि मसाला घेतल्यावर सराफ्याकडे वळू नका, तिथे बसायला जागा नसते आणि उभ्याने खाणं तुम्हाला मना आहे 😄

आईची सेक्रेटरी

कप्पी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, सियागंजची गरज नाही. पण स्वतः स्टुलावर चढून लावू नका, सुताराला किंवा प्लंबरला बोलवा, हुक भिंतीत पक्का बसला पाहिजे, गॅलरीच्या ग्रिलला बांधून भागवू नका. दोरी जाड सुती घ्या, पातळ नायलॉनची हाताला कापते. वरच्या टोकाला मोठी गाठ मारून ग्रिलला अडकवून ठेवा म्हणजे हातातून सुटली तरी सगळी खाली जाणार नाही. दोन-तीन किलोच्या वर काही चढवू नका, ओढायची बसून, खुर्ची टाकून. आणि टोपली रात्री वर घेऊन ठेवत जा, मावशीच्या टोपलीत मांजरीने पिल्लं घातली होती, महिनाभर भाजी बंद.