प्युअर डेटामध्ये तानपुरा करताना तीन ठिकाणी लूप हवा आहे आणि तिन्ही ठिकाणी काम अडले आहे

जोडतार यांचा प्रश्न

नमस्कार. सी आणि पायथन या भाषांतील प्रोग्रामिंगची मला सवय आहे, परंतु पडद्यावरचे बॉक्स (ऑब्जेक्ट) वायरींनी जोडून ध्वनी घडवण्याचे प्युअर डेटा हे माध्यम माझ्यासाठी नवे आहे. रियाजासाठी काळी एकच्या सुरातला एक साधा तानपुरा त्यात उभा करावा असा विचार आहे. जोडाच्या तारा १३८.६ हर्ट्झवर, खर्ज ६९.३ वर आणि पंचम सुमारे १०४ वर धरला आहे. तारेच्या ध्वनीसाठी कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली पद्धत वापरत आहे. त्या पद्धतीत स्वराच्या एका आवर्तनाइतक्या लांबीचा गोंगाट एका डिले लाइनमध्ये, म्हणजे ध्वनी ठरावीक वेळ साठवून मग बाहेर सोडणाऱ्या जागेत, सोडतात, आणि तिच्यातून बाहेर पडणारा ध्वनी किंचित मऊ करून पुन्हा तिच्यातच पाठवत राहतात.

पहिली अडचण टेबल भरण्याची आहे. प्रत्येक आघात सारखाच वाजावा म्हणून ३१८ यादृच्छिक संख्या एका टेबलमध्ये एकदाच भरून ठेवायच्या आहेत. त्यासाठी 'अनटिल', एक काउंटर आणि ३१७ हा आकडा येताच 'अनटिल'ला थांबवणारा 'सिलेक्ट' असे जोडले. पहिल्या क्लिकला टेबल नीट भरते. दुसऱ्या क्लिकला मात्र प्रोग्राम गोठतो आणि सक्तीने बंद करावा लागतो.

दुसरी अडचण तारा छेडण्याच्या क्रमाची आहे. ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या 'मेट्रो'ने चारही तारा समान अंतराने वाजतात, पण खर्जानंतर थोडा अधिक अवकाश हवा असतो. तो मिळावा म्हणून काउंटरचे आउटपुट त्याच्याच इनपुटला परत जोडून पाहिले, तर स्टॅक ओव्हरफ्लो झाल्याची सूचना येते.

तिसरी अडचण प्रत्यक्ष तारेची आहे. ध्वनीची वायर फिरवून वरच्या ऑब्जेक्टला जोडली की डीएसपी (ध्वनीच्या गणनेचा) लूप आढळल्याचा संदेश येतो आणि तेवढा भाग मुका होतो. सीमधल्या 'फॉर'सारखी एकच सरळ रचना येथे का नसावी, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

सलगसूत्र यांचे उत्तर

आपल्या तिन्ही अडचणींत वायर गोल फिरते, परंतु प्रत्येक फेरीत किती वेळ जायला हवा हे तिन्ही ठिकाणी वेगळे आहे. टेबल भरताना वेळ मुळीच जायला नको, तारा छेडताना सेकंदाच्या आसपास जायला हवा, आणि तारेच्या आत नेमका एका आवर्तनाइतका जायला हवा. सीमधल्या 'फॉर'ला काळाशी काही देणेघेणे नसते, म्हणून तेथे एकाच रचनेत भागते. मी पहिल्या दोन अडचणींविषयी लिहितो.

एखाद्या ऑब्जेक्टने मेसेज पाठवला की तो खालच्या सर्व ऑब्जेक्टमधून शेवटपर्यंत जाऊन येतो, आणि मगच पाठवणारा ऑब्जेक्ट आपल्या पुढच्या आउटलेटकडे (मेसेज बाहेर पडण्याच्या तोंडाकडे) वळतो. आउटलेटचा क्रम उजवीकडून डावीकडे असतो. बहुतेक ऑब्जेक्टमध्ये काम सुरू होते ते केवळ डाव्या इनलेटमुळे (मेसेज आत येण्याच्या तोंडामुळे). उजवीकडच्या इनलेटमध्ये आलेले मूल्य नुसते साठवून ठेवले जाते. म्हणूनच 'फ्लोट'चे आउटपुट '+ १' मधून फिरवून 'फ्लोट'च्याच उजव्या इनलेटला जोडले की काउंटर तयार होतो: मेसेज तेथे पोहोचून थांबतो आणि पुढच्या बँगची, म्हणजे 'काम सुरू कर' या मेसेजची, वाट पाहतो. हीच वायर डाव्या इनलेटला जोडली तर '+ १' आपले काम संपण्याआधीच स्वतःला पुन्हा बोलावतो, ते दुसरे बोलावणे तिसऱ्याला जन्म देते, आणि ठरावीक खोलीनंतर प्युअर डेटा ही साखळी तोडतो. थांबण्याची अट न घातलेले रिकर्शन आपण सीमध्ये पाहिले असेलच; हे तेच आहे.

आता 'अनटिल'विषयी. डावीकडे बँग दिला की उजवीकडे बँग येईपर्यंत तो स्वतः बँग पाठवत राहतो, आणि हे सारे प्युअर डेटाच्या तार्किक घड्याळाच्या एकाच क्षणात घडते. आपल्या पॅचमध्ये (वायरींनी जोडलेल्या रचनेत) पहिल्या फेरीनंतर काउंटरमध्ये ३१८ उरतो. दुसऱ्या क्लिकला मोजणी तेथून पुढे सुरू होते, ३१७ कधीच येत नाही आणि 'सिलेक्ट' कधीच चालत नाही. मोजणी फिरून पुन्हा शून्यावर येईल अशीही आशा नको. नेहमीच्या आवृत्तीत संख्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये साठवली जाते, त्यामुळे १,६७,७७,२१६ या आकड्यावर पोहोचल्यावर त्यात एक मिळवला तरी उत्तर तेच राहते आणि काउंटर तेथेच अडकून पडतो.

यावर उपाय असा की बटणानंतर ठरल्या क्रमाने मेसेज पाठवणारा एक 'ट्रिगर' ठेवावा. त्याच्या उजव्या आउटलेटने आधी काउंटर शून्य करावा आणि मग डाव्या आउटलेटने 'अनटिल' सुरू करावा. त्याहून सोपे म्हणजे 'अनटिल'ला बँगऐवजी ३१८ ही संख्याच द्यावी. तो तितक्याच वेळा चालून आपोआप थांबतो, त्यामुळे गोठण्याचा प्रश्न उरत नाही. काउंटर मात्र तरीही शून्य करावा लागतो. लूपच्या आतही टेबलमध्ये मूल्य लिहिणाऱ्या 'टॅबराइट'च्या उजव्या इनलेटला क्रमांक आधी आणि डाव्या इनलेटला मूल्य नंतर मिळेल अशा बेताने 'ट्रिगर' बसवावा. एकाच आउटलेटमधून दोन वायरी काढून क्रम नशिबावर सोडू नये, कारण प्युअर डेटात तो वायर कधी जोडली यावर ठरतो आणि ते पडद्यावर दिसत नाही. मॅक्स या अशाच दुसऱ्या माध्यमात तो बॉक्सच्या जागेवरून ठरतो. तेथे बॉक्स नुसता सरकवला तरी पॅचचे वागणे बदलू शकते, आणि हा प्रकार मला अधिक धोकादायक वाटतो.

'अनटिल' चालू असताना ध्वनीची गणना थांबलेली असते. ३१८ फेऱ्या क्षणार्धात संपतात आणि आउटपुट बफरमुळे कानाला काही कळत नाही. लाखो मूल्ये भरायची झाल्यास मात्र आवाज तुटेल. तेव्हा 'मेट्रो'च्या प्रत्येक ठोक्याला हजार-हजार मूल्ये भरावीत.

तारांच्या क्रमासाठी 'मेट्रो' सोडून 'डिले' घ्यावा. त्याचा बँग काउंटर आणि 'मॉड ४' मधून 'सिलेक्ट ० १ २ ३' कडे न्यावा. प्रत्येक आउटलेटखाली एक 'ट्रिगर' ठेवून आधी ती तार छेडावी आणि मग पुढच्या अंतराची संख्या 'डिले'च्या डाव्या इनलेटला परत पाठवावी: पंचम आणि दोन्ही जोडांसाठी ८००, खर्जासाठी १६००. येथेही वायर पूर्ण गोल फिरते, तरी स्टॅक भरत नाही, कारण 'डिले' केवळ नोंद करून लगेच परततो आणि बँग नंतर स्वतंत्रपणे येतो. अंतरे तार्किक घड्याळावर मोजली जात असल्याने संगणक मध्येच मंदावला तरी त्यांत चूक साचत जात नाही. फक्त सगळीच अंतरे शून्य ठेवू नयेत; मग स्टॅक वाचेल, पण घड्याळ पुढे सरकणार नाही आणि प्रोग्राम पुन्हा गोठेल.

लहरपट यांचे उत्तर

तिसऱ्या अडचणीविषयी लिहितो. नावात टिल्ड (~) असलेल्या, म्हणजे ध्वनीचा सिग्नल हाताळणाऱ्या, ऑब्जेक्टचे जग मेसेजच्या जगाहून निराळे आहे, आणि याला काही अंशी इतिहासही कारण आहे. मिलर पकेट यांनी पॅरिसच्या इरकाम संस्थेत १९८० च्या दशकात मॅक्स लिहिले तेव्हा त्याचा भर कोणती घटना कधी घडावी हे ठरवण्यावर होता. मॅकिंटॉशवरच्या मॅक्समध्ये प्रत्यक्ष ध्वनीची गणना १९९७ साली एमएसपीच्या रूपाने आली, आणि त्याच सुमारास पकेट स्वतः प्युअर डेटा घडवत होते. दोन्हींत मेसेज आणि सिग्नल यांचे नियम आजही वेगवेगळे आहेत.

डीएसपी सुरू करताच प्युअर डेटा सर्व टिल्ड ऑब्जेक्टची एक सरळ यादी तयार करतो, ज्यात प्रत्येकाचे इनपुट त्याच्याआधी तयार झालेले असते. मग ती यादी वरून खाली पुन्हा पुन्हा चालते आणि प्रत्येक ऑब्जेक्ट एका खेपेस ६४ सॅम्पलचा ब्लॉक मोजतो. ४४,१०० च्या सॅम्पलिंग दरात हा ब्लॉक सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा असतो. सिग्नलची वायर गोल जोडली की कोणाला आधी मोजायचे हे ठरवणेच अशक्य होते, म्हणून त्या वर्तुळातील ऑब्जेक्ट यादीत घेतलेच जात नाहीत. आपल्याला आलेल्या संदेशाचा अर्थ एवढाच आहे.

वर्तुळ तोडण्यासाठी 'डिलराइट~' आणि 'डिलरीड~' ही जोडी वापरावी. त्यांच्यात वायर नसते. दोघे केवळ डिले लाइनच्या नावाने जोडलेले असतात, त्यामुळे यादी सरळ राहते. टेबलमधला गोंगाट 'टॅबप्ले~'ने वाजवून 'डिलराइट~'कडे न्यावा. 'डिलरीड~'चा विलंब जोडाच्या तारेसाठी ७.२१५ मिलिसेकंद ठेवावा. त्याचे आउटपुट स्पीकरकडे न्यावे, आणि त्याचीच दुसरी शाखा चार-पाच हजार हर्ट्झवर ठेवलेल्या 'लॉप~' या ध्वनी मऊ करणाऱ्या फिल्टरमधून आणि ०.९९६ च्या गुणकातून पुन्हा 'डिलराइट~'ला द्यावी. गुणक एकाच्या वर गेला तर आवाज प्रत्येक फेरीत वाढत जाईल, म्हणून पहिल्या चाचणीला हेडफोन कानाला लावू नयेत.

या फेऱ्याचा विलंब एका ब्लॉकपेक्षा कमी होऊ शकत नाही. आपल्या चारही तारांचा विलंब त्याहून बराच मोठा आहे, त्यामुळे सध्या काळजी नाही.

नादबिंदू यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी पहिला लूप मुळात हवाच आहे का, हे तपासावे असे सुचवतो. 'नॉइज~'चा आवाज 'व्हीलाइन~'ने सात मिलिसेकंद उघडून बंद केला की टेबल, 'अनटिल' आणि काउंटर या तिन्हींची गरज संपते. प्रत्येक आघात थोडा वेगळा होईल हे खरे, पण खऱ्या तानपुऱ्यावरही बोट दर वेळी तंतोतंत सारखे पडत नाही. शिवाय 'टॅबप्ले~' ब्लॉकच्या सीमेवरच सुरू होतो, तर 'व्हीलाइन~' सॅम्पलपर्यंत अचूक चालतो. टेक्स्टमध्ये प्रोग्राम लिहिणारी मंडळी या माध्यमात आली की पहिल्यांदा 'फॉर' शोधतात. येथे बहुतेक वेळा त्याच कामाचा तयार ऑब्जेक्ट आधीच असतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. या पद्धतीने तार वाजेल, पण जवारी मिळणार नाही. ती घोडीच्या वक्र पृष्ठभागावर तार घासण्यातून येते आणि त्यासाठी फेऱ्यात वेगळी भर घालावी लागते.

जोडतार

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तार वाजू लागली आहे आणि खर्जानंतरचा अवकाशही मिळाला आहे. टेबल मात्र ठेवले आहे. मला आघात सारखाच हवा आहे. आता तीन नव्या शंका आहेत. तारेच्या पॅचच्या चार प्रती केल्यावर डिले लाइनचे नाव आधीच वापरात असल्याची तक्रार येते. खर्ज जोडापेक्षा फारच लांबतो आणि सगळे गढूळ ऐकू येते. शिवाय स्वरमंडळाची ७४० हर्ट्झची एक तार करून पाहिली, तर विलंब कितीही कमी केला तरी स्वर सुमारे ६८९ च्या वर चढत नाही.

लहरपट

शेवटची शंका म्हणजे मी म्हटलेली ब्लॉकची मर्यादाच आहे: ४४,१०० ला ६४ ने भागले की ६८९ येतात. 'डिलराइट~', 'डिलरीड~' आणि त्यांमधला संपूर्ण फेरा एका सबपॅचमध्ये ठेवून तेथे 'ब्लॉक~ ८' लिहावे, म्हणजे मर्यादा ५,५०० हर्ट्झच्या वर जाईल. 'ब्लॉक~ १' ही चालते, पण प्रोसेसरवरचा भार बराच वाढतो. फक्त वरच्या तारांसाठी तो खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

नावाच्या तक्रारीसाठी तारेचा पॅच ॲबस्ट्रॅक्शन म्हणून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा आणि डिले लाइनच्या नावाआधी डॉलर-शून्य जोडावे. त्यामुळे प्रत्येक प्रतीला वेगळे नाव मिळते. मग चार प्रती हाताने करण्याऐवजी 'क्लोन'ला ॲबस्ट्रॅक्शनचे नाव आणि ४ हा आकडा द्यावा. मेसेजच्या सुरुवातीला प्रतीचा क्रमांक लिहिला की तो त्याच तारेला पोहोचतो, आणि चारही तारांचे ध्वनी बेरीज होऊन बाहेर येतात.

खर्ज लांबतो, कारण गुणक प्रत्येक फेरीला एकदा लागतो आणि खर्जाच्या फेऱ्या सेकंदाला निम्म्याच होतात. 'लॉप~'चा परिणाम बाजूला ठेवला तर ०.९९६ या गुणकाने जोडाची तार ६० डेसिबल खाली यायला साधारण साडेबारा सेकंद घेते आणि खर्ज पंचवीस. दोन्ही दहा सेकंदांत विरावेत असे वाटत असेल तर जोडाला ०.९९५ आणि खर्जाला ०.९९० द्यावा.

जाता जाता एक सूचना: 'डिलरीड~' विलंब पूर्ण सॅम्पलपर्यंत गोळा करतो. जोडाच्या दोन तारा १३८.६ आणि १३८.८ अशा किंचित वेगळ्या लावल्या, तरी दोन्हींचा विलंब ३१८ सॅम्पलच होईल आणि त्या एकच तार असल्यासारख्या वाजतील. 'डिलरीड४~' घेतल्यास अपूर्णांकातला विलंबही पाळला जातो, आणि या दोन तारांमध्ये दर पाच सेकंदांनी एक आंदोलन ऐकू येईल. त्याला विलंब सिग्नल म्हणून द्यावा, तेव्हा आधी संख्येचा सिग्नल करणारा 'सिग~' ठेवावा. 'लॉप~'सुद्धा सॅम्पलच्या अंशाइतका विलंब वाढवतो. तेवढा भाग वजा करून शेवटचे सूर कानानेच लावावेत.